चालत्या वाळूचं बेट

लितियाने आधी नळी धरली, माणूस नंतर.

जहाज नुकुलाएलाए बेटाला लागत नाही. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल निळ्या पाण्यात घरघरत उभं राहतं. आणि माणसं, तांदळाची पोती, टपाल, कोंबड्यांचे पिंजरे असं सगळं छोट्या होडीतून, लाटेच्या पाठीवर बसून आत येतं. जूनमधल्या त्या सकाळी एक लाट जरा लवकर आली. होडी आडवी झाली आणि तिच्यातला एक तरुण, दोन्ही हातांनी एक लांबलचक प्लॅस्टिकची नळी डोक्यावर धरून, सरळ पाण्यात गेला. लितिया तिथेच मांडीभर पाण्यात टपालाची थैली घ्यायला उभी होती. तिच्यासमोर आधी नळी आली. ती तिने काढून घेतली, उंच धरली, आणि मग मोकळा हात पुढे केला. तोवर तो दोनदा खारं पाणी प्यायला होता.

"कागद भिजले तर नवे यायला तीन आठवडे लागतात," ती म्हणाली. "माणूस काय... उन्हात ठेवला की वाळतो."

तो खोकला, त्याने डोळे पुसले, आणि मग तिच्याकडे बघतच राहिला.

"मग ठेवा," तो म्हणाला. "कुठलं ऊन बरं असतं तुमच्याकडे?"

होडीतल्या बायका फिसकन हसल्या. लितियाने टपालाची थैली उचलली. पण पाठ करून किनाऱ्याकडे चालताना तिला ओठ घट्ट मिटून घ्यावे लागले, आणि हे काही बरं लक्षण नाही, असं तिचं तिलाच वाटून गेलं.

त्याचं नाव काईतू. राजधानीत, फुनाफुतीला, तो सरकारी कचेरीत नकाशे आखायचा. घराणं मूळचं नानुमेआचं, पार उत्तरेच्या टोकाचं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अधूनमधून असे शब्द यायचे की नुकुलाएलाएची माणसं एकमेकांकडे बघून गालात हसत. आणि लितिया होती बेटाच्या पंचायतीची सेक्रेटरी. सत्तावीस वर्षांची. परदेशात, सुवाला शिकून आली, आणि आली ती इथेच राहिली. तीनशे माणसांच्या बेटावर कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं डुक्कर कुणाच्या आवारात शिरलं, टाकीत पावसाचं पाणी किती उरलं, हे सगळं तिच्या वहीत असायचं.

त्या दुपारी पंचायतीच्या टेबलावर त्याने नळीतला नकाशा पसरला. कागद पुन्हापुन्हा गुंडाळत होता. तीन कोपऱ्यांवर तिने शिंपले ठेवले. चौथ्यासाठी काही सापडेना म्हणून त्याने तिथे हात ठेवला, आणि तिनेही नेमका तेव्हाच... दोघांनी हात इतक्या घाईने काढून घेतले की नकाशाने टप्पकन मिटून घेतलं.

नकाशात गावाच्या आतल्या बाजूला, शांत पाण्याच्या काठाने, एक लांब भिंत होती. भिंतीमागे वाळूचा भराव; गाव छातीभर उंच होणार होतं. फेब्रुवारीच्या उधाणाला जमिनीखालून वर येणारा समुद्र मग घरांपर्यंत पोचणार नव्हता. पैसा बाहेरच्या देशांचा, काम सरकारचं. पण जमीन घराण्यांची. पार्लमेंट फुनाफुतीत बसत असलं, तरी इथली वीतभर जमीनसुद्धा मानेआपात, गावाच्या सभाघरात, जमणाऱ्या जाणत्यांच्या होकाराशिवाय हलत नाही. काईतूला तेवढा होकार घेऊन जायचं होतं. तीन आठवड्यांनी येणाऱ्या जहाजाबरोबर संमतीपत्र गेलं तर पहिला नंबर नुकुलाएलाएचा. नाही गेलं तर नंबर दुसऱ्या बेटाचा, आणि पुन्हा आपली पाळी कधी, ते देव जाणे.

लितियाने नकाशावर बोट ठेवलं. भिंत अगदी तिच्या दारावरून जात होती.

तिला ती भिंत हवी होती. गेल्या फेब्रुवारीत, भर दुपारी, आभाळ निरभ्र असताना तिच्या स्वयंपाकाच्या छपरीत वाळूतून बुडबुडे यायला लागले होते. लाट नाही, वारा नाही. पाणी नुसतं खालून उगवलं. चुलीतली राख तरंगत दारापर्यंत आली, आणि तिचे वडील सेमिसी, ज्यांनी वीस वर्षं परदेशी जहाजांवर सगळे समुद्र पाहिले होते, ते उंबऱ्यावर बसून त्या राखेकडे मुकाट बघत राहिले. तेव्हापासून उधाणाच्या दिवसांत लितिया भांडी जमिनीवर ठेवत नसे.

हे तिने काईतूला सांगितलं. त्याने ते कुठे लिहून घेतलं नाही, पण ऐकताना त्याची नजर एकदाही नकाशावर गेली नाही. एवढं तिच्या लक्षात राहिलं.

मोजमाप सुरू झालं. किनाऱ्याने काठ्या रोवायच्या, दर दोन दिवसांनी वाळू किती वर-खाली झाली ते बघायचं. पंचायतीने लितियाला त्याच्याबरोबर दिलं, आणि तरुण पोरीने परक्या माणसाबरोबर एकटीने हिंडणं बरं दिसत नाही म्हणून सेमिसी त्यांना आपल्या होडीतून न्यायचे. काठीपाशी होडी लागली, की ते टोपी तोंडावर ओढून झोपी जात. निदान तसं दाखवत. झोपलेल्या माणसाचे पाय असे ठेक्यात हलत नाहीत, हे लितियाला ठाऊक होतं. काईतूला ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोकळेपणाने बोलायचा.

तो आकडा सांगायचा, ती लिहायची.

"काठी सात. एक वीत, चार बोटं," तो म्हणायचा. मग जरा थांबून, "आज केसांत फूल आहे. काल नव्हतं."

"हे कुठे लिहू?"

"शेरा म्हणून एक रकाना आहे ना."

"तो सरकारी कामासाठी आहे."

"मग नका लिहू," तो काठीकडे बघत म्हणायचा. "माझ्या लक्षात राहील..."

टोपीखालून सेमिसी खाकरायचे आणि दोघं पुढच्या काठीकडे चालू लागायचे.

असे दिवस जात होते. सकाळी ताजी नीरा आणि भाजलेल्या नीरफणसाचा गर. दुपारी गुडघाभर पाण्यात काठ्या. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की सगळं गाव जिथल्या तिथे शांत. काईतू उतरला होता पाहुण्यांच्या घरात, पण जेवायला रोज कुणी ना कुणी न्यायचं, आणि आठवड्यातून चार दिवस ते ‘कुणी’ सेमिसीच असायचे. काईतू मासा छान साफ करायचा, भात मात्र करपवायचा. त्याला पोहायला येत होतं, पण वल्हं धरायला येत नव्हतं. लितियाने ते शिकवलं. शिकवताना हसली फार. तिच्या लक्षात आलं की हल्ली आपण जहाज यायला किती दिवस उरले ते मोजतो, आणि आकडा कमी झाला की आपल्याला बरं वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काईतू गप्प झाला.

काठ्यांजवळची वाळू चालत होती. गावाच्या काठाने उत्तरेकडे, दर आठवड्याला हातभर. त्याने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. शेवटी सेमिसींनी टोपी बाजूला केली आणि उठून बसले. त्यात नवल ते काय, असं त्यांचं म्हणणं. पूर्वेचा वारा असतो तोवर वाळू उत्तरेच्या टोकाला जाते. डिसेंबरात पश्चिमेचा वारा सुटला की तीच वाळू गावाशी परत येते. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ती अशीच ये-जा करते. टोकाला वाळू साचते म्हणून तर तिथली गोड्या पाण्याची विहीर टिकून आहे, आणि तिथले पुलाकाचे, अळूसारख्या मोठ्या कंदाचे, खड्डेही.

काईतूने नकाशा काढला. भिंत आणि तिच्यामागचा भराव नेमका वाळूच्या त्या वाटेवर येत होता. नकाशा ज्याने आखला त्याने हे बेट कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे होता एका शांत दिवशी वरून काढलेला फोटो. भिंत झाली तर वाळू टोकाला जाणार नाही. टोक झिजेल. आणि बेटाचं अर्धं पोट ज्या पुलाकावर भरतं त्यात खारं पाणी शिरेल... दोन वर्षांत, फार तर तीन.

त्या दिवशी परत येताना त्याने केसांतल्या फुलाबद्दल काही म्हटलं नाही.

जहाज यायला चार दिवस असताना मानेआपात सभा भरली. खांबांशी जाणते पाठ टेकून बसले, मागे बाकीचं गाव, आणि एका कडेला वही घेऊन लितिया. बेटाचे प्रमुख तापूगाओ आजोबा ऐंशीच्या घरातले. बोलायचे कमी, ऐकायचे फार. पाहुण्याला बोलायला सांगण्यात आलं.

काईतूने आधी भिंतीचे फायदे सांगितले, एकही न लपवता. मग वाळूचं सांगितलं. होकार घ्यायला मला पाठवलंय, तो म्हणाला, पण आज या नकाशाला होकार द्या असं मी म्हणू शकत नाही. वर्षभराचे वारे मोजल्याशिवाय कुणीच म्हणू नये. एवढं बोलून तो खाली बसला.

मानेआपात कुजबुज उठली. काहींना पटलं, काहींना नाही. पहिला नंबर हातचा जाणार हे सगळ्यांनाच कळत होतं. तापूगाओ आजोबांनी हात वर केला. आज झोपू, उद्या ठरवू, असं ठरलं.

लितियाने त्याचा शब्द न् शब्द लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा जरा तिरकं आलं, इतकंच.

ऊन कलताना ती त्याच्याकडे गेली. तो पाण्याकाठी काठ्या तपासत होता. सेमिसी लांब होडीत होते, आणि या खेपेला त्यांनी टोपी तोंडावर घेतलीच नव्हती. ते सरळ दुसरीकडे बघत होते.

"तू गप्प बसू शकला असतास," ती म्हणाली. रागात ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

"हो."

"संमती घेऊन गेला असतास, तर साहेबांनी पाठ थोपटली असती."

"हो."

"आणि मला माझ्या दारात भिंत मिळाली असती."

"मिळाली असती." त्याने हातातली काठी वाळूत टेकवली. "मग एके दिवशी वडिलांच्या पुलाकात खारं पाणी आलं असतं. तू त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली असतीस... आणि तुला आठवलं असतं, की नकाशा आणणाऱ्याला हे माहीत होतं. बाकी कुणी मला काहीही म्हणो, लितिया. ते मी सोसलं असतं. हे एक मला झेपलं नसतं."

पाणी पायांशी येत होतं, जात होतं.

"मग माझ्या चुलीचं काय?" तिने शेवटी विचारलं. आवाज तिला हवा होता तितका रागीट निघाला नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. शोधावं लागेल."

आजवर फुनाफुतीहून कितीतरी माणसं आली होती. प्रत्येकाने ‘होईल, नक्की होईल’ म्हटलं होतं. माहीत नाही, असं म्हणणारा हा पहिला. आणि गंमत अशी की लितियाला त्या दोन शब्दांनीच कधी नव्हे तो धीर आला. ती त्याच्याजवळ गेली, हातातली काठी घेतली, आकडा बघितला.

"सातवी ना ही?" ती म्हणाली. "सांग. लिहिते."

दुसऱ्या दिवशी मानेआपात फार वेळ गेला नाही. तापूगाओ आजोबांनी निर्णय सांगितला: या नकाशाला होकार नाही, भिंतीला नकार नाही. वर्षभर वाळू मोजावी, मग नवा नकाशा करावा. नंबर गेला तर जाऊ दे. बेट जाण्यापेक्षा बरं. सरकारने मोजणीसाठी एक माणूस द्यावा, असं पत्र सेक्रेटरीने आजच लिहावं.

सेक्रेटरीने मानेआपात बोलायचं नाही, अशी रीत होती. तिने लिहायचं, विचारलं तर वाचून दाखवायचं. चार वर्षांत लितियाने ती कधी मोडली नव्हती. पण आता तिची पेन्सिल ‘एक माणूस’ या शब्दांवर अडली ती अडलीच.

"आजोबा," ती म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. "नुसतं ‘माणूस’ लिहिलं तर ते कुणालाही पाठवतील. नाव घालावं, असं मला वाटतं."

"कुणाचं?" आजोबांनी विचारलं, जणू त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"काईतूचं."

"कारण?"

"त्याला आपली वाळू कळते."

तापूगाओ आजोबांनी मान डोलवली. मग सुरकुत्यांतले बारीक डोळे तिच्यावर रोखून, अगदी सावकाश विचारलं, "एवढंच कारण?"

बाहेर नारळाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. काईतू खांबाशी बसून चटईची वीण बघत होता. त्याचे कान तांबडे झाले होते. लितियाने वडिलांकडे पाहिलं. सेमिसींनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, आणि ते तिच्याकडेच बघत होते, बोलशील ते मला चालेल अशा नजरेने.

"नाही," ती म्हणाली.

आधी मागच्या बायकांत हसू फुटलं, मग ते पुढे आलं, मग खांबांशी बसलेल्या जाणत्यांपर्यंत पोचलं. कुणीतरी नाचगाण्याच्या लाकडी खोक्यावर थाप मारून ताल धरला. तापूगाओ आजोबा मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "पत्रात पहिलंच कारण लिही. दुसरं सरकारला कशाला?"

उरलेले दिवस काईतू नकाशाकडे फिरकलाही नाही. बायकांबरोबर टोपल्या भरभरून त्याने किनाऱ्यावरची प्रवाळाची खडी वाहिली, आणि सेमिसी आणि तो, दोघांनी मिळून लितियाच्या छपरीची जमीन वीतभर उंच केली. चूल नव्याने मांडली. उधाणाला हे कितपत पुरेल, ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. जहाज आलं त्या सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून त्याच्या डोक्यावर फुलांची वळी आली. एकावर एक, कपाळ झाकेपर्यंत. लितियाची सगळ्यांत शेवटी. ती बसवताना तिची बोटं त्याच्या कानाला लागली, आणि क्षणभर तिथेच राहिली.

"सरकार ‘नाही’ म्हणालं तर?" तिने हळूच विचारलं.

"आधी त्यांना वाचू तर दे," तो म्हणाला. होडी लाटेवर चढली, उतरली, आणि तिला फक्त फुलंच दिसत राहिली.

पुढचं जहाज आलं. त्यात उत्तर नव्हतं. राजधानीतून फोनवर बातमी आली की पहिला नंबर दुसऱ्या बेटाला गेला. गावात दोन-चार लोक म्हणाले, बघा, सांगितलं होतं. दर दोन दिवसांनी लितिया काठ्या बघायला जायची, आकडे लिहायची. शेऱ्याचा रकाना कोरा राहायचा. फोनवर काईतू म्हणायचा, फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली. मग म्हणायचा, तिसऱ्यावर. ती म्हणायची, तीही चालतेय म्हणजे, वाळूसारखी. मग दोघं नुसतंच एकमेकांचा श्वास ऐकत, लाइन तुटेपर्यंत.

त्यानंतरच्या जहाजाच्या दिवशी टपाल घ्यायला तिने वडिलांना पाठवलं. किनाऱ्यावर उभं राहून होडीतले चेहरे मोजायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती उत्तरेच्या टोकाला, पुलाकाच्या खड्ड्यात उतरली. पानं तिच्या डोक्यावरून गेली होती, चिखल मांड्यांपर्यंत होता, आणि ती दोन्ही हातांनी कंदांच्या मुळाशी पालापाचोळा दाबत होती. दुपार तशी शांत होती. वरून सावली पडली म्हणून तिने मान वर केली.

खड्ड्याच्या काठावर काईतू उभा होता. खांद्याला पिशवी, हातात लांब सरकारी लिफाफा.

तिला वर यायचं सुचलं नाही. हात पुढे करावा तर कोपरापर्यंत चिखल.

"वाच," ती म्हणाली.

त्याने लिफाफा उघडला, घसा साफ केला. नुकुलाएलाए बेटाच्या विनंतीनुसार, किनाऱ्याच्या मोजणीसाठी, अमुक खात्याचे कर्मचारी काईतू यांची नेमणूक... भाषा कोरडी होती, पण त्याचा आवाज दोनदा अडखळला. "...मुदत, एक वर्ष."

"एकच वर्ष?" लितिया म्हणाली.

"सरकारचं एकच." त्याने कागदाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि चपला काढल्या. "बाकीच्या वर्षांचं तुझ्या वडिलांना विचारलं. आत्ताच, होडीत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला विचार. खड्ड्यात आहे."

लितियाने कपाळावरचे केस मागे सारले; गालावर चिखलाचा ओघळ उमटला, तो तिला कळलाही नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, सावकाश, जसं जहाज गेल्यावर रिकाम्या समुद्राकडे दीड महिना पाहिलं होतं तसं. मग ती एक पाऊल बाजूला सरकली आणि आपल्या शेजारी, पानांच्या सावलीत, त्याच्यापुरती जागा केली.

"खाली ये," ती म्हणाली. "पाच रोपं राहिलीत."